७४ टक्के सूट खरी की खोटी? स्टुडिओ हेडफोन स्वस्तात घेताना

वाचकाचं पत्र: अशोक चौकाजवळ घरातल्याच एका खोलीत मी रेकॉर्डिंग करतो. मराठी निवेदन, तेलुगू आणि कन्नड भक्तिगीतं, लग्नाच्या व्हिडिओंना आवाज अशी कामं असतात. शेजारी यंत्रमाग चालतात. माझ्याकडे कंडेन्सर माइक आणि दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आहे, पण ऐकायला अजून मोबाइलचा इअरफोनच वापरतो. आता बारा हजारांपर्यंत चांगला हेडफोन घ्यायचा आहे. एका वेबसाइटवर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स १३,४९९ रुपये खोडून ३,४९९ ला दाखवतात, कॅश ऑन डिलिव्हरीही आहे. दुसरीकडे बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो २५० ओहममध्ये ११,९९० ला आहे, तोच ८० ओहममध्ये १३,९९० ला. यातला कुठला घेऊ? की दिवाळी सेलची वाट पाहू? वडिलांच्या चादरीच्या दुकानाचा जीएसटी नंबर टाकला तर १८ टक्के वाचतील असं एक मित्र म्हणतो, ते खरं का? शिवाय गायकासाठीही एक हेडफोन लागेल.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर:

३,४९९ वाला एम५०एक्स घेऊ नका. चालू मॉडेलवर कुठलाही अधिकृत विक्रेता ७४ टक्के सोडत नाही, त्याला तेवढं मार्जिनच नसतं. या भावात तीन गोष्टी होऊ शकतात: नकली माल येईल, खोक्यात भलतंच काही निघेल, किंवा काहीच येणार नाही. कॅश ऑन डिलिव्हरी आहे म्हणून धोका नाही, असं समजू नका. आधी पैसे, मग खोका, हीच तिथली रीत. कुरिअरवाला पैसे घेऊन गेला की त्या साइटचा फोन लागत नाही.

तरी खात्री करायची असेल तर साइटच्या तळाशी जीएसटी नंबर शोधा. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही करदात्याचा शोध घेता येतो. तिथे तो नंबर टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का ते पाहा. नंबरच दिलेला नसेल, किंवा तो कपड्याच्या भलत्याच दुकानाचा निघाला, तर पुढे विचार करायची गरज नाही. पैसे आधीच गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आता सूट बाजूला ठेवू आणि तुमच्या खोलीला काय लागतं ते पाहू. मॉडेल ठरल्याशिवाय सूट मोजता येत नाही. ‘हेडफोन’ एवढंच शोधत बसलात तर ज्याच्यावर सर्वांत मोठा आकडा खोडलाय तोच घरी येईल.

माइकसमोर वापरायचा तर हेडफोन मागून बंद हवा, म्हणजे क्लोज्ड-बॅक. डीटी ९९० प्रो किंवा सेनहायजर एचडी ५६०एस ओपन-बॅक आहेत. मिक्सिंगला ते छान, पण गायकाच्या कानातला तानपुरा आणि क्लिक (तालाची टकटक) सरळ तुमच्या कंडेन्सर माइकमध्ये उतरतात. ओपन-बॅकवर कितीही सूट असो, तुमच्या पहिल्या हेडफोनसाठी तो बाद. ब्लूटूथही बाद, कारण त्यात आवाज उशिरा पोचतो आणि गाणारा तालाच्या मागे पडतो.

शेजारी माग आहेत म्हणजे बाहेरचा आवाज अडवणं हा तुमच्याकडे मोठा मुद्दा आहे. सेनहायजर एचडी २८० प्रो ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवतो असा कंपनीचा दावा आहे, डीटी ७७० प्रोचा आकडा सुमारे १८ आहे. हे आकडे सगळ्या पट्टीत सारखे मिळत नाहीत. मागाची खटखट बरीच दबते, मोटरची खालची घरघर कमीच दबते. एचडी २८० प्रोची पकड मात्र घट्ट आहे. रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवावा लागतो, त्यात आपला एप्रिल-मे, म्हणजे तासाभरात कान भिजणार. डीटी ७७० प्रोच्या मखमली गाद्या त्या दृष्टीने सुखाच्या. सोनी एमडीआर-७५०६ १९९१ पासून बाजारात आहे आणि निवेदनाच्या कामाला उत्तम: ‘स’, ‘श’ची सिसकारी, ओठांची चटचट, मागचा खरखरीत आवाज तो लपवत नाही. त्याच्या पातळ रेक्झिनच्या गाद्या वापराने सोलतात आणि काळी पापडी कानाला चिकटते. त्या बदलता येतात, पण बदलीचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

तुमच्या जागी आमची पहिली पसंती एचडी २८० प्रो किंवा एमडीआर-७५०६. तिसरा पर्याय एटीएच-एम४०एक्स. एम५०एक्सच्या नावाला वलय आहे म्हणून त्याचे नकली पीसही जास्त फिरतात.

२५० ओहमचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. ओहम जास्त म्हणजे दर्जा जास्त, असं नसतं. हेडफोनला १ मिलीवॉट द्यायला २५० ओहमला सुमारे अर्धा व्होल्ट लागतो, एम५०एक्सच्या ३८ ओहमला साधारण ०.२ व्होल्ट. मोबाइलला किंवा साध्या लॅपटॉपला अर्धा व्होल्ट जेमतेम जमतो. यूएसबीवर चालणारा तुमचा इंटरफेस २५० ओहम चालवेल, पण नॉब बराच वर न्यावा लागेल आणि हळू आवाजातलं निवेदन तपासताना वर जायला जागा उरणार नाही. दोन हजार वाचवून नंतर वेगळा हेडफोन अँप घेतलात तर वाचलेले पैसे त्यातच जातील. डीटी ७७० प्रोच घ्यायचा असेल तर ८० ओहमचा घ्या. त्याची केबल सरळ आणि ३ मीटरची असते, २५० ओहमवाल्याची गुंडाळीची. दोन्हींत ती हेडफोनला कायमची जोडलेली आहे, तुटली तर डाग मारावा लागतो. चांगला टीव्ही मेकॅनिक तो मारून देईल, पण वॉरंटी संपलेली असेल तरच त्याच्याकडे जा.

मॉडेलचं नाव अक्षर न अक्षर जुळवा. एटीएच-एम५०एक्सबीटी२ ब्लूटूथचा आहे. एम५०एक्सएसटीएसला बूम माइक (तोंडासमोर येणारा) लावलेला असतो. नुसता एम५० म्हणजे २०१४ पूर्वीचा, न सुटणाऱ्या केबलचा. डीटी ७७० एम वेगळा आणि डीटी ७७० प्रो वेगळा. एकाच पानावर रंग आणि ओहम निवडायची बटणं असतात. वरचा भाव बहुधा सगळ्यांत स्वस्त पर्यायाचा दिसतो आणि बटण दाबलं की वाढतो. रंगाच्या बाबतीत मात्र फायदा करून घेता येतो. एम५०एक्सचे मर्यादित आवृत्तीचे रंग निघत असतात, त्यातले न खपलेले कधी कधी काळ्यापेक्षा स्वस्तात जातात. आतला माल तोच.

आता भाव. खोडलेली एमआरपी विसरा. ती खोक्यावर छापायची कमाल किंमत आहे, त्या भावाने ती वस्तू कधी विकली गेली असेलच असं नाही. मोजायचं ते त्याच मॉडेलच्या मागच्या वर्षभराच्या भावाशी. ॲमेझॉनसाठी कीपा हे साधन भारताच्या साइटवर चालतं. फ्लिपकार्टसकट इतरांसाठी बायहटके आहे. कीपाचा आलेख उघडून अवधी एक वर्षाचा करा आणि दोन आकडे लिहून घ्या: बहुतेक महिने भाव जिथे रेंगाळला तो, आणि तो सर्वांत खाली कुठे गेला तो. एखाद्या दिवशी सुईसारखी खाली गेलेली रेघ धरू नका. ती काही तासांची किंवा चुकून लागलेली किंमत असते, तिची वाट पाहण्यात वर्ष जातं. आठवडाभर तरी टिकलेला नीचांक धरा, त्याच्या पाच टक्के वरचा आकडा आपलं लक्ष्य ठरवा आणि तेवढ्याचा अलर्ट लावून ठेवा. समजा नेहमीचा भाव ९,५०० आणि टिकलेला नीचांक ८,००० असेल, तर अलर्ट ८,४०० चा. आलेख बघताना सेलच्या आधीचे पंधरा दिवस नीट पाहा. तिथे भाव आधी हजाराने चढवून सेलमध्ये तेवढाच उतरवलेला बऱ्याचदा दिसतो.

मोठ्या दोन साइटवर थांबू नका. वाद्यं आणि ध्वनीसामग्री विकणारी बजाओ, फर्टाडोज, केवळ हेडफोनांचं हेडफोन झोन अशी दुकानं ऑनलाइन आहेत. तिथे भाव वरवर जास्त दिसतो, पण बोलायला माणूस असतो. मॉडेल सांगून सरळ विचारा: ओपन बॉक्स (एकदा उघडलेला) किंवा डेमो पीस आहे का, वॉरंटी पूर्ण की उरलेली, अमुक साइटवर हा भाव आहे, तुम्ही किती कराल? नव्या पेठेत आपण भाव करतो तसाच इथेही करायचा, फक्त फोनवर. ओपन बॉक्स घेताना गाद्या नव्या आहेत का, केबल आणि ६.३ मिलीमीटरचा अडॅप्टर सोबत आहे का, हे लेखी घ्या. तुमच्या इंटरफेसला मोठी पिन लागत असेल तर अडॅप्टरशिवाय काम अडेल. परदेशी साइटवर स्वस्त दिसला तर भुलू नका. वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून फरक बहुतेक वेळा उरत नाही आणि वॉरंटीलाही इथे कुणी विचारत नाही.

बँक ऑफरची खालची बारीक अक्षरं वाचा. ‘१० टक्के सूट, कमाल १,५००, किमान खरेदी ५,०००’ असं असेल तर ८,४०० वर ८४० सुटतील. पुष्कळदा पूर्ण रकमेला एक टक्केवारी आणि ईएमआयला दुसरी असते. नो-कॉस्ट ईएमआय पूर्ण फुकट नसतो. व्याजाएवढी रक्कम विक्रेता सुरुवातीला कमी करतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून हप्त्यात जातो, वर प्रक्रिया शुल्क. व्याज ६०० आणि शुल्क १९९ धरलं तर १०८ अधिक २३५, म्हणजे जवळपास साडेतीनशे रुपये जास्त. पैसे देण्याच्या पानावर ‘संरक्षण योजना’ आपोआप टाकलेली असेल तर काढून टाका. ग्राहकाने न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे, तरी नजर तुम्हीच ठेवायची.

मित्राचा जीएसटीचा सल्ला ऐकू नका. कराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वळता करणं, त्याच धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर मिळतं. चादरीच्या दुकानाला स्टुडिओ हेडफोन लागतो हे उद्या कुणाला पटवून सांगणार? दुकान कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीचा उलाढालीवरचा ठोक कर) असेल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. तुमच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगच्या कामाची नोंदणी असेल तर ११,८०० च्या बिलातले १,८०० कायदेशीर मार्गाने वळते होतील. नसेल तर बिल स्वतःच्या नावावर घ्या. याला आणखी एक कारण आहे. व्यापारी उपयोगासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक आयोगात जाता येत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. तुम्ही या अपवादात बसता, वडिलांचं दुकान बसणार नाही.

दिवाळीपर्यंत थांबायचं का, हे आज कोणता महिना आहे त्यावर ठरवा. मोठे सेल ठरलेले असतात: प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, मग जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सर्वांत मोठा नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर. पुढचा सेल महिनाभरावर असेल तर थांबा, त्याहून लांब असेल तर अलर्ट लावून काम चालू करा. लग्नसराईची कामं हातात असताना हजार रुपयांसाठी तीन महिने इअरफोनवर मिक्स करणं महागात पडतं.

विकत घेताना ‘विक्रेता’ या ओळीकडे बघा. साइट मोठी असली तरी माल विकणारा तिसराच असतो आणि एकाच पानावर चार-पाच जण असू शकतात. सर्वांत स्वस्त विक्रेता नवा आणि मोजक्या प्रतिसादांचा असेल तर शे-दोनशे जास्त देऊन जुना घ्या. कंपनीच्या भारतातल्या आयातदाराला ईमेल करून ‘हा विक्रेता अधिकृत आहे का’ असं विचारून ठेवा, ते उत्तर वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडतं. परताव्याची अटही वाचा. ‘फक्त बदली’ म्हणजे पैसे परत नाहीत, तोच माल पुन्हा येईल. तुमचा पिनकोड टाकून परत नेण्याची सोय तुमच्या भागात आहे का, तेही तपासा.

पार्सल आलं की ओटीपी लगेच सांगू नका. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोर उघडा. नसेल तर मोबाइल स्टँडवर लावून एकाच सलग चित्रीकरणात लेबल, सगळ्या बाजूंची चिकटपट्टी, मग आतला माल दाखवा. मधे कट नको. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीचा महिना-वर्ष, एमआरपी, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला हवा. हे लेबलच नसेल तर माल मागच्या दाराने आलेला आहे आणि त्याला इथे वॉरंटी मिळण्याची आशा धरू नका. नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. एम५०एक्स केबलशिवाय २८५ ग्रॅमचा आहे आणि खोक्यात तीन सुट्या केबल्स असतात. डीटी ७७० प्रो केबल सोडून २७० च्या, एमडीआर-७५०६ २३० च्या आसपास. केबल जोडलेली असेल तर ती टेबलावर सोडून मोजा, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतील. पन्नास ग्रॅम कमी भरला तर नकली समजा.

कानाने तपासायला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ‘जनरेट’ मेनूतून ‘चर्प’ (खालून वर चढत जाणारा सूर) घ्या: २० ते २०,००० हर्ट्‌झ, अँप्लिट्यूड दोन्हीकडे ०.२, अवधी ३० सेकंद. आवाज कमी ठेवून सुरू करा. खाली ४० ते ८० हर्ट्‌झमध्ये एका कानात फरफर किंवा खडखड ऐकू आली तर ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) सैल आहे किंवा त्यावर केस अडकलाय. गादी काढून बघा, कधी केस निघाला की प्रश्न मिटतो. मधल्या पट्टीत सूर एका बाजूला झुकत गेला तर दोन्ही ड्रायव्हर जुळलेले नाहीत.

दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि दोष सापडतो तो हिच्यातच. मोनो ट्रॅकवर पिंक नॉइज (एकसारखा सळसळता आवाज) तयार करा, ट्रॅकची नक्कल करा, एक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन करा, म्हणजे फक्त त्या कानात पाठवा. आवाज डोक्याच्या मधोमध घट्ट बसला पाहिजे. मग एका ट्रॅकला ‘इन्व्हर्ट’ (ध्वनिलहर उलटी करणारा इफेक्ट) लावा, आता तो पसरट आणि ठाव न लागणारा वाटला पाहिजे. उलटं झालं, म्हणजे आधी पसरट आणि इन्व्हर्टनंतर मधोमध, तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट जोडल्या आहेत. अशा हेडफोनवर आवाजाचा पोतच कळत नाही आणि दोष मात्र माइकला दिला जातो. शेवटी केबल पिनपाशी आणि कपापाशी हळू हलवा. आवाज तुटला तर त्याच दिवशी परत पाठवा, मुदत संपण्याची वाट बघू नका.

परत करताना विक्रेता टाळाटाळ करू लागला तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. त्यानेही भागलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि मग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. ते सलग चित्रीकरण, बिल आणि खोका जपून ठेवा. वॉरंटीचं पार्सल बाहेरगावी पाठवावं लागेल असंच धरून चाला आणि मूळ खोक्यातून पाठवा.

गायकासाठी महागातला घेऊ नका. एटीएच-एम२०एक्स पुरे, ३ मीटरची केबल असल्याने तो माइकपर्यंत आरामात पोचतो. तुमचा आणि गायकाचा हेडफोन एका स्वस्त वाय-जोडणीवर (एका पिनच्या दोन वाटा करणारी) लावायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: २५० ओहम आणि एम२०एक्सचे ४७ ओहम एकाच जोडणीवर आले की ४७ वाल्याच्या कानात आवाज मोठा येईल आणि २५० वाल्याला बराच हळू ऐकू येईल, आणि दोघांचा आवाज वेगवेगळा करायची सोय नसते. एचडी २८० प्रो ६४ ओहमचा आणि एमडीआर-७५०६ ६३ ओहमचा आहे, एम२०एक्ससोबत हे बरेच जवळ बसतात. जोड्या वाढल्या तर प्रत्येकाला वेगळा नॉब असलेला चार वाटांचा छोटा हेडफोन अँप घ्या, आणि त्याच्यावरही आधी अलर्टच लावा.